पियानोचं म्युझिक डेस्क तुटलं तर

उभ्या पियानोचं म्युझिक डेस्क, म्हणजे स्वरलिपीचं पुस्तक टेकवायची फळी, बहुतेक वेळा दोनच ठिकाणी दगा देतं. एक तर बिजागरीचे स्क्रू लाकडातून उपटून येतात, नाहीतर फळी लाकडाच्या तंतूंच्या रेषेच्या दिशेने चिरते.

दुरुस्ती पियानोवर करू नका. वरचं झाकण उघडलं की आत दोन्ही टोकांना फिरक्या दिसतात. त्या फिरवल्यावर समोरचं पॅनल पुढे झुकतं आणि उचलून काढता येतं. दोघांनी धरा. डेस्क पट्ट्यांवरच्या झाकणाला असेल, तर खाली चादर पसरून बिजागरी सोडवा. पट्ट्यांच्या फटीत पडलेला स्क्रू काढणं हे फळी जोडण्यापेक्षा जिकिरीचं काम आहे.

भोक ढिलं झालं की हात आधी लांब स्क्रूकडे जातो. पण फळी पातळ असते आणि त्याचं टोक पॉलिशच्या बाजूने बाहेर येतं. भोकात आगकाडी ठोकली तर ती महिनाभरच टिकते. खरा इलाज म्हणजे सागवानी बूच. ड्रिलच्या 8 मिमी बीटावर फळीच्या दोन तृतीयांश जाडीइतकं अंतर मोजून टेप गुंडाळा आणि तेवढंच खोल भोक पाडा. दुकानातली गोल खुंटी इथे नको. तिच्या रेषा उभ्या असतात, त्यामुळे स्क्रू रेषांच्या टोकात शिरतो आणि पकडत नाही. बूच आडव्या रेषेचं कापा, फळीच्या रेषेशी जुळवून पांढऱ्या गोंदाने बसवा आणि 24 तास हात लावू नका. पावसाळ्यात दोन दिवस थांबा.

मग 3.5 मिमी स्क्रूसाठी 2.5 मिमीचं भोक घ्या. पितळी स्क्रू मऊ असतो, सागात पिळताना त्याची मान तुटते. म्हणून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी फिरवून आटे पाडून घ्या, तो काढा, पितळी स्क्रूला मेण चोळा आणि हाताने बसवा.

चीर जोडण्याआधी जुना गोंद ओळखा. कोमट पाण्याचं फडकं पाच मिनिटं दाबून धरल्यावर चिकट झाला तर तो सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद. ओल्या फडक्याने पुसून काढा आणि लाकूड पूर्ण वाळू द्या. पांढरा गोंद रबरासारखा सुटतो, तो खरवडावा लागतो. जुन्या गोंदावर नवा धरत नाही, पुन्हा तुटणाऱ्या जोडांमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. चिरेच्या कडांवर पॉलिश पेपर मात्र फिरवू नका. तुटलेले तंतू एकमेकांत बसले तरच जोड दिसेनासा होतो. झटपट चिकटणारा गोंदही नको, तो तंतूंत मुरतो आणि मग तिथे दुसरा गोंद धरत नाही.

गोंद लावण्याआधी एकदा कोरडंच जुळवून क्लॅम्प लावून पाहा. कड नक्षीदार असेल तर क्लॅम्प घसरतो, तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा. जोडाच्या कडेला गोंदाचे बारीक मणी दिसू लागले की आवळणं थांबवा. जास्त दाबलं तर सगळा गोंद बाहेर येऊन जोड कोरडा राहतो. मणी लगेच ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर त्या जागी पॉलिश चढत नाही.

पॉलिश दुरुस्त करायचं असेल तर न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब टाका. चिकट झालं तर ते लाखेचं, त्यावर चपड्याचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, हात चालतो. नव्या चकचकीत काळ्या पियानोवर तो चालत नाही.

पॅनल बसवल्यावर सगळ्या पट्ट्या एकेक करून जोरात वाजवा. एखाद्याच स्वरावर झणझण आली तर बिजागरीचा स्क्रू ढिला आहे, किंवा फळी मागे लाकडाला टेकते आहे. तिथे 2 मिमी फेल्टचा तुकडा चिकटवा.