पायताणापासून जाहीरनाम्यापर्यंत: नववीसाठी दोन तासिका

पाच-पाच जणांचे गट करा, प्रत्येक गटापुढे एक कोल्हापुरी पायताण ठेवा. कातडं, शिलाई, वाहतूक, दुकानदाराचा नफा असे किमतीचे भाग फळ्यावर मांडा आणि वर 20 टक्के आयात शुल्क चढवा (आकडा मानलेला आहे, हे स्पष्ट सांगा). आता दोन देशांत व्यापार करार झाला असं समजून शुल्क शून्य करा. वाचलेला पैसा कारागिराला मिळेल की व्यापाऱ्याला? वाद रंगू द्या, घाईने उत्तर सांगू नका. व्यापार करार इथेच कळतो. कोल्हापुरी पायताणाला 2019 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरू देणारी नोंदणी) ही भारतातली नोंदणी आहे, मुलं ती जगभर लागू धरतात.

दुसरी तासिका ऊसतोडीची. बीडहून येणारी ऊसतोड मजुरांची टोळी स्थलांतर करते, पण देशाची सीमा ओलांडत नाही; राज्यघटनेच्या कलम 19 नुसार नागरिकाला देशात कुठंही फिरता-राहता येतं. देशातलं आणि परदेशातलं स्थलांतर यांचा गोंधळ हमखास इथं होतो. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्क जाहीरनाम्याचं कलम 13 मोठ्यानं वाचून घ्या: देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क आहे, परक्या देशात शिरण्याचा नाही. व्हिसाची धोरणं त्याच फटीत बसतात. त्याच जाहीरनाम्यातलं, छळापासून परदेशात आश्रय मागण्याचं कलम 14 वेगळं शिकवा, नाहीतर निर्वासित आणि नोकरीसाठी गेलेला एकाच रकान्यात पडतात.

टोळीतलं मूल वर्गात असेल, तर ऊसतोडीऐवजी दुसरं उदाहरण घ्या.