पेशंट आयसीयूत असताना स्नायू झिजतात: नातेवाइकांनी या चुका टाळा

सगळ्यात जास्त फसवते ती सूज. आयसीयूत पहिल्या काही दिवसांत सलाईन आणि आजार मिळून हातपाय फुगतात. भेटायच्या वेळेत आत डोकावून आलेल्या काकू बाहेर सांगतात, "तब्येत भरलेलीच आहे हो." त्याच फुगलेल्या मांडीत स्नायू झिजत असतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात 63 अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला गेला. दहा दिवसांत त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सरासरी 18 टक्क्यांच्या आसपास घटलं होतं. अनेक अवयव एकदम बिघडलेल्या रुग्णांत घट जास्त होती. निव्वळ पडून राहिल्याने एवढं होत नाही. गंभीर आजारात शरीर स्वतःचीच प्रथिनं मोडायला लागतं. म्हणून "घरी आणल्यावर खंगले" हा हिशेब चुकीचा. सूज घरी उतरली, स्नायू आधीच गेला होता.

मग डबे सुरू होतात. डाळीच्या वरच्या पाण्यात प्रथिनं नावाला असतात. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, किडनी बिघडलेल्या पेशंटला ते घातक ठरू शकतं. सिस्टरची नजर चुकवून जेवणाच्या नळीतून काहीही सोडू नका. प्रथिनांची गरज किती, तर युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण 1.3 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 78 ग्रॅम, तेही हळूहळू वाढवत. दोन अंड्यांत मिळून जेमतेम 12 ग्रॅम. पण म्हणून डाएटिशियनमागे "प्रोटीन पावडर डबल करा" असा लकडाही लावू नका. जास्त प्रथिनं देऊन पाहणाऱ्या 2023 च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. किडनीला इजा झालेल्यांत तर नुकसानच दिसलं.

"झोपू दे, आराम मिळू दे" हेही तपासून घ्या. गुंगीचं औषध रोज थांबवून लवकर व्यायाम सुरू केलेल्या रुग्णांपैकी 59 टक्के हॉस्पिटलमधून सुट्टी मिळेपर्यंत रोजची कामं स्वतः करू लागले, औषध तसंच थांबवून व्यायाम मात्र नेहमीच्या पद्धतीने झालेल्यांत 35 टक्के. हे 2009 चं संशोधन. मात्र 2022 मध्ये व्यायामाचा जोर आणखी वाढवून पाहिला तेव्हा फायदा दिसला नाही, उलट त्रासाच्या घटना वाढल्या. किती आणि कधी, हे फिजिओला, म्हणजे व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टला ठरवू द्या. तुम्ही चष्मा आणि कानाचं मशीन नेऊन द्या, सिस्टरला विचारून "बाबा, माझा हात दाबा" म्हणा.

फिजिओला घराबद्दल सांगायचं बहुतेकजण विसरतात. लालबागच्या चाळीत तिसरा मजला, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला आणि तोही भारतीय पद्धतीचा, हे कळलं तर खुर्चीतून उठणं आणि जिना यांचा सराव वॉर्डातच सुरू होतो. कमोडची खुर्ची सुट्टीच्या आधी भाड्याने आणून ठेवा. व्हेंटिलेटरची नळी काढल्यावर पाणी पिताना ठसका लागत असेल, तर गिळणं तपासल्याशिवाय पेजही भरवू नका.

घरी आल्यावर मालिशवाला बोलावण्याची घाई होते. मालिशने स्नायू भरत नाही. आयसीयूनंतरचा हा अशक्तपणा दोन्ही बाजूंना सारखा असतो. एकच हात किंवा पाय लुळा पडला, तर तो वेगळा आजार, लगेच हॉस्पिटल गाठा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर आत गुठळी असू शकते. तिला तेल लावून चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत दम लागत असेल तर थेट इमर्जन्सीत न्या.