ऑटिझम असलेल्या मुलाला घरी गाणी ऐकवायचं रुटीन कसं बसवायचं

आमचा मुलगा आता ९ वर्षांचा आहे. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कानात बोटं, मिक्सर लावला की बाथरूममध्ये जाऊन दार बंद, आणि गणपतीत ढोल-ताशा आला की मग विचारूच नका. त्यामुळे "म्युझिक ऐकवून फरक पडतो" असं कुणी म्हटलं की आपण लगेच पाकीट काढतो, मी पण काढलं होतं. त्यातून जे शिकले आणि घरी जे जमलं ते सांगते.

सगळ्यात आधी कान तपासून घ्या. हे खूप जण करत नाहीत. ऑडिऑलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणाऱ्याकडे जा, मूल सांगितलेलं ऐकून हात वर करण्यातलं नसेल तर झोपेत बेरा टेस्ट करतात, त्यात आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते मशीनवर बघतात. पडद्यामागे पाणी झालंय आणि आपण इकडे बासरी ऐकवत बसलोय, असं नको व्हायला.

मग ते हेडफोनवाले महागडे कोर्स. त्यातली एक जुनी आणि गाजलेली पद्धत फ्रान्सचे डॉक्टर गी बेरार यांची, ऑडिटरी इंटिग्रेशन ट्रेनिंग. अर्ध्या अर्ध्या तासाची २० सेशन, रोज दोन, म्हणजे एकूण १० तास, आणि मशीन गाण्यातले उंच-खालचे स्वर मधेच कमीजास्त करत राहतं. ऐकायला भारी वाटतं ना? पण कोक्रेन म्हणून संस्था आहे, ती एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासते; तिच्या २०११ च्या रिव्ह्यूत ही पद्धत आणि अशीच हेडफोनवरची टोमॅटिस पद्धत, दोन्हीच्या मिळून ७ ट्रायल, माणसं सगळी मिळून १८२, आणि निष्कर्ष काय तर फायदा होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. ट्रेनिंग घेतलेला थेरपिस्ट मुलासोबत बसून गातो-वाजवतो ती म्युझिक थेरपी वेगळी, तिच्याबद्दल कोक्रेनचाच २०२२ चा रिव्ह्यू बऱ्यापैकी बरं बोलतो. विकणारे दोन्ही एकाच पिशवीत घालून देतात, तेवढं बघा. आम्ही गेलो तिथे तर रडणाऱ्या पोराच्या डोक्यावर हेडफोन दाबून धरा म्हणाले, दुसऱ्या दिवशी आम्ही गेलोच नाही.

आता घरचं. हेडफोन नको, साधा छोटा स्पीकर घ्या आणि लांब ठेवा. आम्ही फरश्या मोजायचो. पहिल्या दिवशी स्पीकर ८ फरश्या लांब, आवाज इतका कमी की पंख्याच्या आवाजात जेमतेम कळेल, आणि फक्त ३ मिनिटं. एकच वाद्य लावा, आम्ही तानपुरा आणि मग बासरी लावली, तबला-झांजा-कोरस सगळं एकदम आलं की त्याला झेपत नाही. वेळ रोज तीच, आमची संध्याकाळी दूध पिऊन झाल्यावरची. भूक लागलेली असताना किंवा शाळेतून आल्या आल्या अजिबात नको.

आणि बंद करायचं बटण मुलाच्या हातात. सगळ्यात महत्त्वाचं हेच. पहिला आठवडा तो लावलं की बंद करायचा, लावलं की बंद, मला वाटलं गेलं सगळं वाया, पण त्याला फक्त खात्री करायची होती की बंद होतं. नंतर एक दिवस त्यानेच स्पीकर पायाने दोन फरश्या अलीकडे ढकलला. अंतर त्याला ठरवू दे, आपण ओढायचं नाही. अंग ताठ झालं, येरझाऱ्या वाढल्या, बोटं कानाकडे गेली की त्या दिवशी तिथेच थांबायचं, "अजून एकच मिनिट रे राजा" करायचं नाही.

ते बसलं की गाणं कामाला लावा. दात घासताना एक, अंघोळीला एक, झोपताना एक, शब्द तुम्हीच जुळवा, सूर गेला खड्ड्यात. आपण ओळ अर्धी सोडायची आणि थांबायचं, मनात दहा मोजेपर्यंत. "घास घास दात…" म्हणून मी रोज गप्प बसायचे, महिनाभर काही नाही, मग एकदा तोंडात फेस असताना "घास" आलं. डब्यावर आळीपाळीने ठेका धरणं पण चांगलं, एकदा तू एकदा मी, त्यात थांबणं आपोआप येतं.

कुकर-मिक्सरची सवय मात्र गाण्याने होत नाही, त्यासाठी ओटीला, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारून तो आवाज रेकॉर्ड करून अगदी बारीक आवाजात ऐकवायचा, तोही त्यानेच प्ले दाबून. मिक्सर लावायच्या आधी मी आता नुसतं बोट वर करते, तो जाऊन दार लावून घेतो, मग मी लावते. विसर्जनाच्या दिवशी इअरमफ बॅगेत असू दे, पण दिवसभर घालून ठेवू नका, त्याने कान अजूनच नाजूक होतात असं आमच्या ओटी मॅडम सांगतात.