माझा अनुभव: ‘हा अपघातच नाही’ म्हणून नाकारलेला पाठीचा दावा

वाडीच्या गोदामात १८ वर्षं पोती उचलली. मान आखडली, कंबर गेली, डाव्या पायाला मुंग्या. २०२२ मध्ये मालकाचं उत्तर आलं: वयाची झीज आहे, अपघात कुठाय? ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नव्हता, म्हणून तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली दावा.

आधी नुसता एमआरआय जोडला. नाकारला. मग अपंगत्वाचा दाखला जोडला, तोही नाकारला. सात महिने वाया गेले, डोकं फिरायची वेळ आली होती.

शेवटी जमलं ते असं. आधी ‘हळूहळू दुखायला लागलं’ असं म्हणणं सोडलं आणि कंबर धरून खाली बसलो तो दिवस शोधला. गोदामाच्या हजेरीत त्या दिवशी ‘अर्धा दिवस’ अशी निळ्या पेनची नोंद सापडली. दवाखान्याच्या केसपेपरवरही ‘पोतं उचलताना कळ’ होतं, नशीब! मग मालकाला अपघाताची लेखी नोटीस (त्या कायद्याचं कलम १०), पोचपावतीसह. मग डॉक्टरांकडून नवा दाखला: अपंगत्व किती ते नव्हे, कमाईची क्षमता किती टक्के गेली ते. ही दुखापत कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे ठरलेल्या दुखापतींच्या यादीत नव्हती, म्हणून कलम ४ प्रमाणे हाच आकडा लागायचा. शेवटी अपघातापासून दोन वर्षांच्या आत नुकसानभरपाई आयुक्तांकडे अर्ज, सोबत्याचं शपथपत्र आणि डॉक्टरांची साक्ष. साक्षीशिवाय दाखल्याला वजन नाही.

हिशेब: महिन्याच्या पगाराची तेव्हाची १५,००० ची मर्यादा, त्याचे ६०% म्हणजे ९,०००, वय ४५, त्या वयाचा कायद्यातला गुणांक १६९.४४, क्षमता ३०% गेली. ४,५७,४८८ रुपये, वर १२% व्याज.