डीपीएस तलावावर फ्लेमिंगो बघायला निघण्याआधी

नवी मुंबईत नेरुळला दिल्ली पब्लिक स्कूलजवळ (डीपीएस) हा तलाव आहे. तिथे जायचं तर सगळ्यात आधी भरतीची वेळ बघा. दुर्बीण, कॅमेरा, सोबत कोण येणार, हे नंतर. गेल्या खेपेला आम्ही बाकी सगळी तयारी चोख केली, पहाटे नेरुळला पोचलो आणि नेमकी ओहोटी लागलेली. तलावात दोन-चार शेकाटे (लांब पायांचे पाणपक्षी), बास.

ओहोटीला ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो तिकडे चरायला पांगतात. भरतीचं पाणी चिखलावर चढलं, की त्यांना पाय टेकायला जागा उरत नाही. मग थवेच्या थवे तलावाच्या उथळ पाण्यात येऊन उतरतात. म्हणून 'पक्षी बघायचे तर उजाडताच जा' हा सल्ला इथे धरू नका. भरती सांगेल तेव्हाच जायचं.

मोबाइलवर मुंबईच्या भरतीच्या वेळा मिळतात. नाहीतर भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि किनाऱ्यावरचा जुना हिशोब लावा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं, म्हणून तास-दीड तास आधीच जाऊन थांबा. अष्टमीनंतरचे एक-दोन दिवस मात्र सोडा, तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही. त्रयोदशी ते पौर्णिमा उत्तम. तारीख ठरवायची ती हे बघून; रविवार मोकळा आहे म्हणून नाही.

हंगाम नोव्हेंबर ते मे. तलावात पाणी आहे ना, हेही कुणाला तरी विचारून घ्या. 2024 मध्ये खाडीचं पाणी आत येण्याची वाट बंद झाल्याने तलाव सुकत गेला आणि त्या उन्हाळ्यात काही फ्लेमिंगो दगावले. अशी जागा गृहीत धरून चालत नाही.

दुर्बीण 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरते. तिच्यातून चोच बघा: धाकट्या रोहितची (रोहित म्हणजेच फ्लेमिंगो) जवळजवळ सगळीच गडद लाल-काळी, मोठ्याची गुलाबी आणि फक्त टोक काळं. खाताना मान खाली सोडून डोकं उलटं करतात, वरची चोच खाली येते, आणि पाणी गाळून खाणं तेवढं ठेवतात. हे दुर्बिणीशिवाय दिसत नाही, मोबाइलच्या झूमवर विसंबू नका.

कपडे मळखाऊ रंगाचे. टोपी, पाणी. ठाण्याहून येणाऱ्यांनी पनवेल लोकलने सीवूड्स-दारावेला उतरून रिक्षा करावी. रविवारी मेगाब्लॉक बघा. आणि भरती बघितलीत ना? मेगाब्लॉकने तासभर जाईल, भरती चुकली तर अख्खा दिवस जातो.

तिथे पोचल्यावर काठावरच थांबा, पाण्याकडे उतरू नका. थवा उडावा म्हणून टाळ्या पिटणारे, खडे मारणारे लोक भेटतात. त्यांना तिथल्या तिथे थांबवा. भरती उतरेपर्यंत ही पाखरं विसाव्याला टेकलेली असतात. ड्रोन नको, कुत्रा नको, खाऊ टाकायचा नाही. मुलांना हे घरीच सांगून ठेवा.

कचऱ्याला पिशवी. परतीला पाणी उतरायच्या आत निघायची घाई करू नका, थवे खाडीकडे परत उडतात ते पाणी उतरू लागल्यावरच. तलावाऐवजी ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला जायचं असेल तर बुकिंग आधी करा. तिथेही बोट भरतीच्याच वेळेला सुटते.