मराठी वेबसाइट दिव्यांगांना वापरता येईल का? सुरू करण्याआधीची तयारीची यादी

वेबसाइट सुगम करण्याच्या बहुतेक याद्या इंग्रजी पानं समोर ठेवून लिहिलेल्या असतात. त्यातली प्रत्येक ओळ पाळली तरी मराठी पान अंध माणसाला धड ऐकू येईलच असं नाही, कारण आपल्याकडचे दोष भलत्याच ठिकाणी लपलेले असतात: फॉन्टमध्ये, आकड्यांमध्ये, रफारात आणि स्कॅन करून चढवलेल्या पीडीएफमध्ये. नगरपरिषद, पतसंस्था, ग्रंथालय असा मराठीत कारभार करणाऱ्यांनी वेबसाइट सुरू करण्याआधी काय काय तपासावं, ते इथे दिलं आहे. उदाहरणाला पाणीपट्टी भरण्याचं पान धरलं आहे.

सर्वांत आधी कागदपत्रं. निविदेत किंवा करारात ‘डब्ल्यूसीएजी २.२, पातळी एए’ असं स्पष्ट लिहून घ्या. डब्ल्यूसीएजी म्हणजे वेबसाइट सुगम कशी असावी ते सांगणारं आंतरराष्ट्रीय मानक. ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ची आहे. सोबत भारतीय मानक आयएस १७८०२चा उल्लेख करा. नुसतं ‘वेबसाइट दिव्यांगस्नेही असावी’ असं लिहिलं की कंत्राटदार कोपऱ्यात अक्षर लहानमोठं करण्याची तीन बटणं लावून मोकळा होतो. हे काम म्हणजे उपकारही नव्हे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती आणि इलेक्ट्रॉनिक सेवा सुगम असण्याची तरतूद आहे आणि ३० एप्रिल २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं घटनेच्या कलम २१शी जोडलं आहे. त्या खटल्याच्या मुळाशी केवायसी होतं: कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, ही अट ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या बाईने कशी पाळायची?

तपासायला महागडं काही लागत नाही. एक विंडोज लॅपटॉप आणि त्यावर एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम, एक साधा अँड्रॉइड फोन आणि त्यातला टॉकबॅक हा तसाच स्क्रीन रीडर. दोन्हीकडे मराठी आवाज बसवून घ्या. डोळस माणसाला सुरुवातीला बोलणं पकडता येत नाही. एनव्हीडीएच्या टूल्स मेनूत स्पीच व्ह्यूअर आहे, तो सुरू केला की उच्चारलेलं सगळं खिडकीत लिहूनही येतं. मग लोक वेबसाइटवर कशासाठी येतात ती चारपाच कामं कागदावर मांडा: बिल पाहणं, बिल भरणं, पावती काढणं, तक्रार नोंदवणं, पाणी कधी येणार ते बघणं. पुढची सगळी तपासणी या कामांवर करायची. मुख्य पानावरच्या मान्यवरांच्या फोटोंवर वेळ घालवू नका.

आता मजकूर. जुनी माहिती कृतिदेव किंवा तशाच युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणा, नाहीतर पुढचं सगळं व्यर्थ आहे. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द दिसतो मराठी, पण फाइलमध्ये ती इंग्रजी अक्षरं असतात: ई, जे, के, कॅपिटल बी, एच. डोळ्यांना फॉन्ट फसवतो, स्क्रीन रीडरला फसवू शकत नाही. तो ती इंग्रजी अक्षरंच वाचतो. कन्व्हर्टरने बदल केल्यावर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी नजरेखालून घाला. गडबड नेमकी तिथेच होते.

मजकूर युनिकोडमध्ये आला की पानाची भाषा जाहीर करा. एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये ‘लँग’ची किंमत ‘एमआर’ हवी. तयार थीममध्ये ती बहुधा इंग्रजीच राहून गेलेली असते. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमधली साइटची भाषा मराठी केली की ती बदलते. हे राहिलं तर इंग्रजी आवाज देवनागरी एक तर गिळून टाकतो, नाहीतर एकेक अक्षर सुटं म्हणतो. हिंदीची वेबसाइट नक्कल करून मराठी बनवली असेल तर आणखी गंमत: भाषा ‘एचआय’च राहते आणि ५५ रुपयांची थकबाकी ‘पंचावन्न’ऐवजी ‘पचपन’ अशी ऐकू येते. मराठी पानावर इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्या भागाला ‘ईएन’ लावा.

अक्षरांच्या मांडणीत इंग्रजी नियम जसाच्या तसा उचलू नका. डब्ल्यूसीएजी म्हणतं, अक्षरांतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या ०.१२ पटीपर्यंत वाढवलं तरी मजकूर बिघडू नये. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषाच तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. एखादी मांडणीची सोय लिपीतच नसेल तर ती सोडायची मुभा त्याच मानकात आहे. ओळींमधलं अंतर मात्र अक्षराच्या दीडपट तरी ठेवाच, १.७ ठेवलं तर उत्तम. बटणांना ठरावीक उंची देऊ नका. ‘नोंदणी पूर्ण करा’ हे बटण ३२ पिक्सेल उंचीत दाबून बसवलं आणि मोबाइलवाल्याने अक्षर दुप्पट केलं की ‘पूर्ण’चा रफार वरून आणि उकार खालून कापला जातो. अल्पदृष्टी असलेल्या माणसाला मग उरलेल्या अक्षरांवरून शब्द ओळखावा लागतो. ब्राउझर ४०० टक्के मोठा करून बघा: आडवं सरकवावं न लागता सगळा मजकूर एका रकान्यात वाचता आला पाहिजे.

रंगांचा हिशेब मोजून करा, नजरेने करू नका. साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातलं प्रमाण, लागतो, मोठ्या अक्षरांना आणि बटणांच्या कडांना ३:१. आपल्याकडचा लाडका भगवा पट्टा, त्याचा एफएफ९९३३ हा नेहमीचा कोड, आणि त्यावर पांढरी अक्षरं: हे प्रमाण जेमतेम २.१:१ भरतं. त्याच पट्ट्यावर काळी अक्षरं ठेवली तर जवळपास ९.९:१. पट्टा ठेवा, अक्षरं काळी करा.

मग माउस काढून ठेवा. टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि एस्केप एवढ्यावर बिल भरून दाखवा. प्रत्येक टॅबला आपण कुठे आहोत ते दिसलं पाहिजे. डिझाइनर ‘ती निळी चौकट वाईट दिसते’ म्हणून ती काढून टाकतात, ती परत आणा. पहिल्या टॅबला ‘मुख्य मजकुराकडे जा’ ही लिंक यावी, नाहीतर प्रत्येक पानावर मेनूतल्या तीसचाळीस लिंका ओलांडाव्या लागतात. पानावर छोटी खिडकी उघडली की फोकस, म्हणजे कीबोर्ड सध्या जिथे आहे ती जागा, तिच्यात जावा, बंद केल्यावर मूळ बटणावर परतावा. सरकती बातम्यांची पट्टी पाच सेकंदांपेक्षा जास्त हलत असेल तर थांबवण्याचं बटण हवं. काढूनच टाकली तर कुणी रडणार नाही.

फॉर्मवर मात्र एक अख्खा दिवस द्या, कारण लोक इथेच अडकतात. रकान्याचं नाव रकान्याच्या आतल्या फिकट अक्षरात लिहून भागत नाही. लेबल वेगळं असावं आणि कोडमध्ये त्या रकान्याशी जोडलेलं असावं. न जोडलेल्या रकान्यावर स्क्रीन रीडर फक्त ‘एडिट, ब्लँक’ एवढंच म्हणतो. चूक झाली हे नुसत्या लाल चौकटीने सांगू नका, शब्दांत सांगा: ‘मोबाइल क्रमांकात ९ आकडे आहेत, १० हवेत.’ तो संदेश त्या रकान्याशी जोडा आणि फोकस तिथे न्या.

आकड्यांचा दोष खास आपला. मराठी कीबोर्ड वापरणारा ग्राहक क्रमांक ‘४०२१७’ असा देवनागरीत टाकतो. जावास्क्रिप्टमधली अंक तपासण्याची नेहमीची खूण फक्त इंग्रजी ० ते ९ ओळखते, त्यामुळे पान ‘ग्राहक क्रमांक चुकीचा आहे’ म्हणतं. आकडा बरोबर असतो, माणूस पुन्हा पुन्हा तोच टाकत राहतो. तपासण्याआधी देवनागरी अंक इंग्रजीत बदलून घेणं हे दोन ओळींचं काम आहे, ते करा.

जिल्हा-तालुक्याची यादी ब्राउझरची साधीच ठेवा. ३६ जिल्ह्यांची नावं मराठी क्रमाने लावा: अकोला, अमरावती, अहिल्यानगर. इंग्रजी स्पेलिंगच्या क्रमाने लावून वर मराठी नावं चिकटवली की ऐकणाऱ्याला पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही. आणि बाणाची कळ दाबताक्षणी तालुके आणायला पान ताजं होऊ देऊ नका. कीबोर्डवाला माणूस अकोल्यावरच अडकून पडतो. शेजारी ‘तालुके दाखवा’ असं बटण द्या.

कॅप्चा, म्हणजे समोर माणूस आहे की रोबो ते ताडणारं कोडं, टाळा. आवाजी कॅप्चा बहुधा इंग्रजीत असतो आणि बहिरे-अंध माणसाला तोही निरुपयोगी. रोबोंना फसवायला लपवलेला रकाना वापरत असाल तर तो स्क्रीन रीडरपासूनही लपवा, नाहीतर अंध ग्राहक तो इमानदारीने भरतो आणि रोबो ठरतो. ओटीपीसाठी सहा चौकोन नकोत, एकच रकाना ठेवा आणि त्यात चिकटवण्याची सोय चालू ठेवा. वेळ संपण्याआधी सूचना द्या आणि मुदत वाढवायला निदान २० सेकंद द्या. टॉकबॅकवर मेसेज उघडून, ऐकून, परत यायला वेळ लागतो.

चित्रांमध्ये सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे नोटिशीचा फोटो. ‘गुरुवारी पाणीपुरवठा बंद’ ही सूचना व्हॉट्सॲपवरून येते आणि तशीच चढवली जाते. पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी ऐकू येणारं कोडमधलं वर्णन, नसेल, त्यातून चित्रालाच लिंक असेल, तर ऐकू येतं ‘आयएमजी डॅश’, मग लांबलचक तारीख, मग ‘डब्ल्यूए’ आणि चार आकडे. पाणी कधी बंद, ते शेवटपर्यंत कळत नाही. पर्यायी मजकुरात ‘नोटीस’ लिहूनही काही साधत नाही. सूचना खाली टाइप करा आणि फोटो शोभेपुरता असेल तर त्याचा पर्यायी मजकूर रिकामा ठेवा. रिकामा ठेवणं वेगळं, न लिहिणं वेगळं.

पीडीएफचीही तीच कथा. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन केला की तो फोटोच. मूळ वर्ड फाइल मागवा, शीर्षकांना ठळक न करता शीर्षकाची शैली लावा आणि ‘प्रिंट टू पीडीएफ’ न वापरता ‘सेव्ह ॲज’मधून, सुगम्यतेचे टॅग ठेवण्याची खूण चालू करून पीडीएफ काढा, प्रिंटने टॅग गळून पडतात. मग एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर बसली किंवा जोडाक्षरं फुटली, तर स्क्रीन रीडरलाही तसंच मिळणार. अशा वेळी मजकूर साध्या वेबपानावर द्या आणि पीडीएफ फक्त शिक्क्यासाठी ठेवा. जुन्या स्कॅनमधला मजकूर टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामच्या मराठी ओळखीतून काढता येतो, पण आकडे आणि नावं हाताने तपासावीच लागतात.

व्हिडिओला मराठी कॅप्शन हवेत, एका वेळी दोनच ओळी. कॅप्शनची वेबव्हीटीटी फाइल यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत जतन करा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हं येतात.

‘एक कोड चिकटवा, वेबसाइट सुगम’ असं सांगणाऱ्या तयार विजेटवर पैसे घालू नका. त्याला फॉर्मचं लेबल काय असायला हवं ते कळत नाही. अशाच दाव्यांपायी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले. लाइटहाउस या वेबपान आपोआप तपासणाऱ्या साधनाचे १०० गुणही पुरावा नव्हेत. पर्यायी मजकूर आहे का ते त्याला कळतं, बरोबर आहे का ते कळत नाही.

शेवटी माणसं. चार ते सहा जणांना बोलवा: स्क्रीन रीडर वापरणारे दोघं, अल्पदृष्टी असलेलं कुणी, हात नीट न चालणारं कुणी, बहिरी व्यक्ती. त्यांना त्यांचा स्वतःचा फोन वापरू द्या, प्रत्येकाला तासभर द्या आणि त्या तासाचं मानधन द्या. काम सांगा, रस्ता सांगू नका; ‘वरच्या उजव्या कोपऱ्यातलं बटण’ असं तोंडातून निघालं की चाचणी वाया गेली. अडखळले ती जागा लिहून ठेवा, दुरुस्ती झाल्यावर त्याच माणसाला पुन्हा विचारा.

वेबसाइट सुरू झाल्यावर प्रत्येक पानाच्या तळाशी अडचण कळवण्यासाठी ईमेल आणि फोन, दोन्ही ठेवा. नुसता फोन बहिऱ्या माणसाच्या कामाचा नाही. आणि रोज सूचना चढवणाऱ्या कारकुनाला अर्धा दिवस शिकवा: सूचना टाइप करायची कशी, शीर्षक कुठे लावायचं, लिंकला ‘येथे क्लिक करा’ऐवजी ‘जुलैचं पाणीबिल पाहा’ असं नाव का द्यायचं. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि एफ७ दाबून लिंकांची यादी त्यालाच ऐकवा. ‘येथे क्लिक करा’ ओळीने अकरा वेळा ऐकलं की वेगळं समजवावं लागत नाही.