कुत्र्याचा इन्शुरन्स काढावा का, हे ठरवायचं कसं

कुत्रा घरात आला की पहिल्या वर्षभरातच हा निर्णय घ्यायचा असतो, कारण वय वाढत गेलं आणि दुखणी लागली की निर्णय आपल्या हातात राहत नाही, आणि हे मला कळलं तेव्हा आमची राणी साडेसात वर्षांची होती. राणी लॅब, म्हणजे लॅब्राडोर. सहाव्या वर्षी तिच्या गर्भपिशवीत पू झाला, पायोमेट्रा म्हणतात त्याला. दोन दिवस नुसती पाणी पीत होती, मग उलट्या, मग उठेना. आम्ही साताऱ्याचे, इथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून सांगितलं की आजच्या आज पुण्याला न्या, थांबू नका. रात्री साडेदहाला खंबाटकीचा बोगदा ओलांडताना मी मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि नवरा गाडी चालवता चालवता भावाला फोन लावून विचारत होता की सकाळपर्यंत चाळीस हजार मिळतील का. मिळाले, ऑपरेशन झालं, राणी वाचली. पण पैशाची ती धावपळ, राणीच्या जिवावर बेतलेलं असताना आपण आकडे मोजतोय, ते आजही आठवलं की पोटात कालवतं. नंतर दीड वर्षाने इन्शुरन्सची चौकशी केली तर वय गेलेलं, आणि तोवर कमरेच्या सांध्याचं दुखणंही फाइलवर आलेलं. दुसरा कुत्रा आला, भुऱ्या, रस्त्यावरचा, तेव्हा मात्र मी नीट बसून सगळं तपासलं. त्याच क्रमाने इथे लिहितेय.

पहिलं काम: वय आणि फाइल

कुत्र्याचं वय लिहा आणि त्याला आतापर्यंत काय काय झालंय ते लिहा. काही पॉलिसींमध्ये पिल्लू ३ महिन्यांचं झाल्यावरच घेतात, साधारण ७ वर्षांपर्यंत नवीन पॉलिसी मिळते, आणि ग्रेट डेन, सेंट बर्नार्डसारख्या अवाढव्य जातींना ही मर्यादा ४ वर्षांवरच येते कारण त्यांचं आयुष्यच कमी असतं. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा, त्यामुळे तो विचारूनच घ्या, आणि सोबत हेही विचारा की रिन्यू किती वयापर्यंत होते, कारण खरा खर्च म्हातारपणात येतो आणि पॉलिसी दहाव्या वर्षी बंद होणार असेल तर ते आज माहीत पाहिजे. पॉलिसी घ्यायच्या आधी जे दुखणं आहे ते कुठेच कव्हर होत नाही. म्हणून कुत्रा आठ-नऊ वर्षांचा असेल आणि आधीच किडनी किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर पुढचं वाचायचं ते फक्त पैसे साठवण्याबद्दलचं वाचा, इन्शुरन्सच्या मागे लागून वेळ घालवू नका.

दुसरं: तुमच्या कुत्र्याला काय होऊ शकतं

यावर एक अख्खी संध्याकाळ घालवा, कारण पॉलिसी चांगली की वाईट हे यावरच ठरतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा आजार म्हणजे गोचिडांचा ताप. टिक फीव्हर. त्यातला एर्लिकिया नावाचा प्रकार असेल तर साधारण चार आठवडे डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक) चालते, मध्ये मध्ये रक्त तपासायचं, प्लेटलेट्स बघायच्या, आणि बहुतेक वेळा हे सगळं ओपीडीत होतं, कुत्रा ॲडमिट होतच नाही. म्हणजे तुमची पॉलिसी फक्त ऑपरेशन आणि ॲडमिशनचीच असेल तर ज्या आजारासाठी तुम्ही सगळ्यात जास्त वेळा दवाखान्यात जाणार त्याचा एक रुपयाही मिळणार नाही. हे वाईट आहे असं नाही, फक्त माहीत पाहिजे. पिल्लांना पार्वो (उलट्या-जुलाबांचा आजार), पावसाळ्यात उंदरांच्या मुतामुळे डबक्यातून पसरणारा लेप्टो, हे दोन्ही जीवघेणे आणि दोन्हींवर लस आहे, आणि लस असलेला आजार लस न देता झाला तर क्लेम नाही असं जवळपास सगळीकडे लिहिलेलं असतं.

मग जात बघा. लॅब आणि जर्मन शेफर्डला कमरेच्या सांध्याचा त्रास, पगला श्वासाचा, डॅशहंडला पाठीच्या मणक्याचा, खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना पोट फुगून पीळ पडण्याचा धोका, जो काही तासांत जीव घेतो. आनुवंशिक आजार काही पॉलिसी सरळ वगळतात. तुमच्याकडे पग आहे आणि पॉलिसीत श्वासाचं ऑपरेशनच वगळलंय तर ती पॉलिसी तुमच्यासाठी नाही, किती का स्वस्त असेना.

मादी असेल आणि नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलेलं नसेल तर पायोमेट्राचा धोका वयाबरोबर वाढत जातो, माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी होतो. नसबंदीचा खर्च इन्शुरन्समध्ये सहसा मिळत नाही, तरी प्रीमियम आणि नसबंदी यातलं एकच आत्ता परवडणार असेल तर आधी नसबंदी करा असं मी कुणालाही सांगेन. राणीची केली असती तर ती रात्र आलीच नसती. तसंच लस आणि गोचिडांचं औषध. हे तिन्ही झाल्यावर जो पैसा उरतो त्यात इन्शुरन्सचा विचार.

आणि जागा बघा. शेताजवळ राहत असाल तर घोणस, नाग. हायवेजवळ राहत असाल तर गाडीची धडक. मे महिन्यात आंब्याची कोय, हो कोयच, भुऱ्याने गिळली होती आणि ती आतड्यात जाऊन अडकली, त्याबद्दल खाली लिहितेय.

तिसरं: उपचार कुठे होणार

याचा विचार फार कमी लोक करतात. मुंबईत परळला प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल आणि तिथलंच पशुवैद्यकीय कॉलेज जवळ असलेल्या माणसाचं गणित वेगळं आणि फक्त प्रायव्हेट क्लिनिकच असलेल्या उपनगरातल्या माणसाचं वेगळं. आमच्या बाजूला शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, नागपूर, परभणी, उदगीरलाही आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, आणि या ठिकाणी खर्च प्रायव्हेटच्या मानाने खूप कमी येतो. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालंय, तिथे एका छताखाली बरंच काही मिळतं. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सरळ विचारा, रात्री दोन वाजता काही झालं तर मी कुठे जायचं आणि तिथे पोटाच्या ऑपरेशनला अंदाजे किती लागतात? तो आकडा वहीत लिहा. सगळा निर्णय त्या आकड्याभोवती फिरतो.

चौथं: घरातलं गणित

आता स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: तो आकडा उद्या सकाळपर्यंत मी कुणाकडे हात न पसरता भरू शकते का? भरू शकत असाल, बँकेत तेवढे पैसे बाजूला पडलेले असतात, तर इन्शुरन्स नसला तरी चालेल, प्रीमियमचे पैसे कुत्र्याच्या नावाने वेगळे ठेवा. भरू शकत नसाल तर पॉलिसी घ्यायचं कारण खरं आहे.

उदाहरण धरा. प्रीमियम वर्षाला ४,००० आणि कव्हर ५०,०००. तेच ४,००० दरवर्षी आरडीत टाकले तर पाच वर्षांनी व्याज धरून वीस हजारांच्या थोडे वर होतील. म्हणजे पहिल्या चार-पाच वर्षांत मोठं काही झालं तर आरडी पुरणार नाही, पॉलिसी पुरेल, आणि दहा वर्षं काहीच झालं नाही तर आरडीवाला पुढे. कुत्र्याला काय होणार हे आधी कुणाला कळतं? त्यामुळे मी दोन्ही करते, पॉलिसी आणि महिन्याला पाचशेची आरडी, कारण पॉलिसीचे पैसे बहुतेक वेळा नंतर मिळतात. प्राण्यांच्या दवाखान्यात कॅशलेस फार कमी ठिकाणी असतं, आधी तुम्ही भरायचं, मग बिलं पाठवायची. हाताशी थोडी रोकड लागतेच. आणि माणसांच्या हेल्थ पॉलिसीवर इन्कम टॅक्समध्ये ८०डीची सवलत असते तशी कुत्र्याच्या प्रीमियमवर नाही, एजंटने काही सांगितलं तरी.

पाचवं: पॉलिसीचे कागद वाचणं

जाहिरात नाही, ब्रोशर नाही, पूर्ण नियम-अटींची पीडीएफ मागा. इंग्रजीत असते आणि किचकट असते, घरात कुणी वाचून समजावणारं असेल तर बसवा शेजारी. मी पेन्सिलने खुणा करत वाचली होती.

सगळ्यात आधी बघा की ही पॉलिसी नक्की कशाची आहे. सरकारी विमा कंपन्यांच्या कुत्र्यांच्या पॉलिसी खूप वर्षांपासून आहेत, पण त्यांचा मूळ पाया कुत्रा दगावला तर भरपाई हा, आणि भरपाई म्हणजे कुत्र्याचा बाजारभाव. पेडिग्री, म्हणजे वंशावळीचा कागद असलेल्या कुत्र्याला बाजारभाव असतो. भुऱ्याला कसला बाजारभाव, तो मला साताऱ्यात पोवई नाक्यावर पावसात भिजताना सापडला. तो गेला तर मला त्याचे पैसे नकोत, मला तो जाऊ नये म्हणून पैसे हवेत. उपचाराचा खर्च देणाऱ्या पॉलिसी त्या मानाने नव्या, पुण्याच्या बजाज अलियान्झने २०२० मध्ये आणली, नंतर आणखी कंपन्या आल्या. देशी कुत्री चालतात का आणि पेडिग्री सर्टिफिकेट लागतं का, हे पहिल्याच फोनवर विचारा.

मग वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर आजारपणाचा क्लेम किती दिवस करता येत नाही, अपघाताला तो लागू आहे का. मग एका आजाराला वेगळी मर्यादा आहे का, कारण वर ५०,००० लिहिलेलं असतं आणि आत एका ऑपरेशनला त्याच्या निम्मेच असं निघतं. प्रत्येक क्लेममध्ये तुमच्या खिशातून किती टक्के जाणार. दात, बाळंतपण, ग्रूमिंग, शेपूट-कान कापणं हे बहुतेक ठिकाणी नसतंच.

दोन जास्तीची कव्हरं असतात त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. एक म्हणजे कुत्रा दुसऱ्याला चावला तर त्याची नुकसानभरपाई. सोसायटीत राहणाऱ्यांना याचं महत्त्व सांगायला नको. इन्शुरन्सने कायद्याची जबाबदारी मात्र टळत नाही, प्राणी सांभाळण्यात निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड आहे. दुसरं म्हणजे हरवण्याचं कव्हर. दिवाळीत फटाक्यांना घाबरून किती कुत्री पट्टा तोडून पळतात ते आपण दरवर्षी बघतो, पण यात जाहिरातीचा आणि शोधाचा खर्च मिळतो की नुसता बाजारभाव, ते बघा.

मग घ्यायचा की नाही?

माझं मत सांगते. कुत्रा चार वर्षांच्या आतला, निरोगी, मोठ्या जातीचा किंवा अंगणात-रानात हुंदडणारा, जवळ सरकारी सोय नाही आणि हातात एकदम तीस-चाळीस हजार नसतात: घ्या, पण ऑपरेशन आणि ॲडमिशनचीच घ्या, ओपीडी जोडून प्रीमियम फुगवू नका, तो खर्च आरडीतून करा. कुत्रा घरातच असणारा छोटा, पैसे बाजूला आहेत, चांगलं हॉस्पिटल जवळ आहे: नसली तरी चालेल. वय झालेलं, आजार चालू: पैसे साठवा आणि डॉक्टरांशी दर सहा महिन्यांनी भेट ठरवा.

घेतल्यावर काय काय जपायचं

मायक्रोचिप बसवून घ्या, तांदळाच्या दाण्याएवढी असते, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली, पंधरा आकडी नंबर. आणि तो नंबर प्रत्येक कागदावर लिहून घ्या. भुऱ्याच्या कोयीच्या ऑपरेशनचं बिल ३४,००० झालं आणि आमचा क्लेम दोन महिने अडकला, कारण डिस्चार्ज पेपरवर नुसतं "नर, तपकिरी, देशी" एवढंच होतं, हाच तो कुत्रा कशावरून असं कंपनीने विचारलं. डॉक्टरांकडून पुन्हा सही-शिक्क्याचं पत्र आणलं, एक्स-रे पाठवला, तेव्हा २६,००० आले, घरी आल्यानंतरची औषधं कापून. तीन वर्षांत मी बारा हजार भरले होते, त्यामुळे माझ्यापुरतं ते कामाला आलं.

लसीचं बुक अपडेट ठेवा, वर्षाची लस आणि रेबीज, तारीख एक दिवसही पुढे जाऊ देऊ नका, फोनमध्ये आठ दिवस आधीचा अलार्म लावा. महापालिकेचं कुत्र्याचं लायसन्स असेल तर त्याची प्रत. दोन्ही बाजूंनी आणि तोंडाचा असे फोटो दरवर्षी नवे काढा. काही झालं की दवाखान्यात पोचल्या पोचल्या कंपनीला कळवा, किती तासांत कळवायचं ते पॉलिसीत लिहिलेलं असतं, आणि ते काम घरात मागे राहिलेल्या माणसावर सोपवा, कारण कुत्र्याजवळ बसलेल्याला ते सुचत नाही.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येतं, पुण्यात आणि मुंबईत ऑफिसं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, पण एका वर्षाच्या आत जायचं. तिथे बिलं, रिपोर्ट, लसीचं बुक आणि कंपनीचं ते नकाराचं पत्र, सगळ्याच्या प्रती न्या.